ट्रंकेतल्या सुट्या अंकांवरून समाजाच्या मासिकाचा इतिहास कसा लिहावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांच्या ट्रंकेत ‘दि इझ्रायलाईट’ या मुंबईच्या बेने इस्राएल (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या) मासिकाचे ३७ सुटे अंक निघाले. काहींची मुखपृष्ठं गेलीत, काहींना कसर लागली आहे. काळ १९१७ ते १९२७, संपादक डेव्हिड एरुलकर आणि जेकब बी. इस्राएल, मजकूर थोडा इंग्रजी थोडा मराठी, इतकं तुम्हाला ठाऊक आहे. आता या मासिकाचा इतिहास लिहायचा आहे, पण मधले अंक नसताना तो लिहिता येईल का आणि हात कुठून घालायचा, असं तुम्ही विचारलंय.

लिहिता येईल, आणि चांगला लिहिता येईल. फक्त प्रश्न जरा फिरवून घ्या. मासिक कधी निघालं, कोणी काढलं, कधी थांबलं हे तुमच्याकडे आधीच आहे, आणि बहुतेक लोक तेवढंच लिहून त्याला इतिहास म्हणतात. खरं शोधायचं ते वेगळं: हे मासिक कोणाच्या वर्गणीवर चालत होतं, कोणत्या गावांपर्यंत जात होतं, कोणाशी भांडत होतं आणि कशाबद्दल गप्प होतं. यातलं फार थोडं अग्रलेखात सापडतं. बाकीचं सगळं बारीक टायपात असतं: वर्गणीची पोच, देणग्यांच्या याद्या, लग्नकार्याच्या बातम्या, जाहिराती, आणि पानाच्या तळाशी असलेली मुद्रक-प्रकाशकाची एक ओळ.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ३७ अंक दहा वर्षांत विखुरलेले आहेत की दोन-तीन वर्षांचे सलग आहेत, यावर लेखाचा घाट ठरेल. सलग असतील तर त्या दोन-तीन वर्षांवरच खोलात लिहा, सगळ्या दशकावर पातळ लिहू नका. घरात कोणी हिब्रू अक्षरं ओळखणारं असेल तर तारखांचं काम निम्मं होईल.

वाचायला बसण्याआधी कागद सांभाळा. त्या काळचा मासिकांचा कागद बराचसा लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडून घडीवर मोडतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, मग तो काढताना अक्षरं निघून येतात. गंजलेल्या पिना ओढून काढायच्या नाहीत. मधलं पान उघडून पिनेच्या वळवलेल्या टोकांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, टोकं बोथट सुरीने सरळ करा आणि मग पाठीकडून पीन उचला. पट्टी नसेल तर सुरी कागदातच घुसते. कसर लागलेले अंक दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशावर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं. नंतर मऊ ब्रशने झाडा आणि धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून लोखंडी कपाटात आडवे ठेवा. कपाट भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात भिंतीची ओल आत येते. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा ठेवायच्या नाहीत.

मग प्रत्येक पानाचा फोटो. फोन स्टँडवर, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश बंद. ए-फोर आकाराच्या पानाला ४०० पीपीआय (म्हणजे इंचाला ४०० पिक्सेल) हवं असेल तर सुमारे ३३०० गुणिले ४७०० पिक्सेल, म्हणजे साडेपंधरा मेगापिक्सेल लागतात. बारीक टायपातली जोडाक्षरं नंतर वाचता यायची असतील तर याखाली जाऊ नका. कव्हरची आतली बाजू आणि कोरी पानंसुद्धा घ्या.

कव्हरबद्दल मुद्दाम सांगतो. ग्रंथालयं मासिकांचे वर्षाचे खंड बांधत, तेव्हा बाइंडर बहुतेक वेळा कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत असे, कारण त्यांना पृष्ठांक नसायचे. त्यामुळे मोठ्या संग्रहात बांधीव खंड मिळाला तरी त्यात जाहिराती, वर्गणीचे दर आणि पत्ता बदलल्याच्या सूचना नसण्याची शक्यता फार. तुमच्या ट्रंकेतल्या सुट्या, मळक्या अंकांचं मोल इथे आहे. ते बांधून घेऊ नका.

आता मुख्य काम: अंकांची नोंदवही. एका अंकाला एक ओळ. पुस्तक (म्हणजे वर्षाचा क्रमांक), अंक, इंग्रजी महिना, छापलेली हिब्रू तारीख, पहिलं आणि शेवटचं पृष्ठ, किंमत, छापखाना, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मराठी पानं किती, इंग्रजी किती, जाहिरातींची पानं किती. कंटाळवाणं काम आहे, पण हरवलेल्या अंकांबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त हीच वही सांगणार आहे.

कसं ते पाहा. त्या काळच्या पुष्कळ मासिकांत पृष्ठांक वर्षभर सलग चालत. समजा जूनचा अंक पान ११२ ला संपतो आणि ऑगस्टचा १२९ पासून सुरू होतो. म्हणजे जुलैचा अंक निघाला होता, तो १६ पानांचा होता, फक्त तुमच्याकडे नाही. पण ऑगस्टचा अंक ११३ पासून सुरू होत असेल तर जुलैचा अंक निघालाच नाही. जूनवर अंक ६ आणि ऑगस्टवर ‘अंक ७ व ८’ असेल तर तो जोडअंक. तसंच, छपाई चार किंवा आठ पानांच्या पटीत होते. एखाद्या अंकाची पानं १४ भरत असतील तर दोन पानांचा एक कागद गळलाय असं धरून मधल्या घडीत फाटका काठ शोधा, सहसा सापडतो.

जोडअंक का काढत, हे समजून घेतलं की मासिकाची नाडी हाती लागते. १८९८च्या पोस्ट कायद्यानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालात सवलत मिळे. त्यासाठी दोन अटी होत्या: दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. मुंबई, पुणे, अलिबाग, पेण, कराची असा विखुरलेला वाचक असलेल्या मासिकाला टपालखर्च म्हणजे जीव की प्राण. वर्गणी थकली, कागद महागला, संपादक आजारी पडला की अंक लांबणार आणि सवलतीची अट मोडणार. जोडअंकाच्या मागे बहुधा अशी ओढाताण असते. म्हणून मुखपृष्ठावरचा ‘रजिस्टर्ड नंबर बी’ने सुरू होणारा टपाल क्रमांकही नोंदवहीत घ्या आणि तो मध्येच गायब होतो का, बदलतो का ते बघा.

तारखांमध्ये लोक हमखास चुकतात. हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. ५६७८ हे वर्ष १७ सप्टेंबर १९१७ला सुरू झालं आणि ६ सप्टेंबर १९१८ला संपलं. अक्षरांत लिहिलेलं वर्ष बहुतेक वेळा हजाराशिवाय असतं: ताव ४००, रेश २००, अयिन ७०, हेत ८, मिळून ६७८. यात १२४० मिळवले की १९१८ येतं, पण ते जानेवारीपासूनच्या महिन्यांना लागू. तिश्रीपासून डिसेंबरपर्यंत १२३९ मिळवायचे. उदाहरणार्थ बाल्फोर जाहीरनामा, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये यहुद्यांच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने जाहीर केलेला पाठिंबा. त्याची तारीख २ नोव्हेंबर १९१७, म्हणजे १७ हेश्वान (तिश्रीनंतरचा महिना) ५६७८. एखाद्या अंकावर ‘हेश्वान ५६७८’ असेल आणि तुम्ही डोळे झाकून १२४० मिळवलेत, तर अंक एक वर्ष पुढे जाईल. मग बाल्फोरची बातमी या मासिकाने वर्षभर उशिरा दिली असा चुकीचा निष्कर्ष निघेल. आपल्या अधिक मासासारखा तिकडे अदार महिना दुसऱ्यांदा येतो, १९ वर्षांत सात वेळा. हिब्रू वर्षाला १९ने भागा. बाकी ०, ३, ६, ८, ११, १४ किंवा १७ आली तर ते वर्ष तेरा महिन्यांचं. ५६७९ची बाकी १७, म्हणजे १९१९च्या वसंतात दोन अदार होते. ‘अदार’ एवढंच छापलेला त्या वर्षीचा अंक कोणत्या महिन्याचा हे पुढच्या-मागच्या पृष्ठांकांवरूनच ठरवावं लागेल.

सणांची नावं कशी छापली आहेत तेही लिहून ठेवा. नव्याचा सण, दारफळणीचा सण, आनाशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा रोजा ही कोकणातली जुनी नावं, की याच क्रमाने रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह, तिशा बेआव ही हिब्रू नावं? मराठी पानावर एक आणि इंग्रजी पानावर दुसरं असेल तर तीही नोंद. दहा वर्षांत एका नावाची जागा दुसऱ्याने घेतली असेल, तर समाज स्वतःला कसं पाहू लागला हे तुम्हाला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त कळेल. अशी वाक्यं ओळीने मांडून दाखवलीत तर वाचक स्वतः तो बदल पाहील.

मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचायला थोडा कायदा लागतो. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं होतं. संपादकाचं नाव प्रत्येक प्रतीवर छापण्याची सक्ती मात्र १९२२मध्ये आली. म्हणून १९२२च्या आधीच्या अंकावर संपादकाचं नाव नसेल तर ‘संपादक अज्ञात’ असं लिहू नका, आणि १९२२नंतर नवीन नाव दिसलं तर ‘संपादक बदलला’ असंही लगेच म्हणू नका. शिवाय १९१० ते १९२२ या काळात प्रेस कायद्याखाली नव्या छापखान्याकडून आणि वृत्तपत्राच्या प्रकाशकाकडून ५०० ते २००० रुपये अनामत मागता येत असे. मॅजिस्ट्रेट ती माफही करू शके. ‘दि इझ्रायलाईट’ याच काळात निघालं, म्हणून अनामतीचा काही कागद सापडतो का हे बघायला हवं.

छापखान्याचं नाव म्हणजे मालकाचं नाव असंही धरू नका. बेने इस्राएल छपाई समाजाबाहेरच्या छापखान्यांत सर्रास होत असे. १८७४ची पुण्याची प्रसिद्ध हिब्रू-मराठी हागादा (पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी) विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली.

इथपर्यंतचं काम घरी बसून होतं: कागद, फोटो, वही, तारखा, तळाची ओळ. आता बाहेर पडायचं.

पहिलं ठिकाण महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे दोन गोष्टी मागा. एक, १८६७च्या कायद्याखाली सरकारी गॅझेटबरोबर निघणाऱ्या तिमाही सूची. त्यांत नाव, भाषा, मुद्रक, प्रकाशक, पानं, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या असे रकाने असतात. प्रतींची संख्या मिळाली तर सोन्याहून पिवळं. दोन, देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक गुप्त अहवाल आणि त्यांच्यासोबतच्या याद्या, ज्यात संपादकाचं नाव, जात, वय आणि खप दिलेला असतो. खपाचा आकडा अंदाजी असतो, तो तसाच सांगून वापरा. समाजापुरत्या मासिकाचे उतारे या अहवालांत क्वचितच येतात. उतारा नाही म्हणून मासिक बिनराजकीय होतं असं त्यावरून ठरत नाही.

नंतर एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, लंडनची ब्रिटिश लायब्ररी, जेरुसलेमचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि तिथलीच बेन-झ्वी इन्स्टिट्यूट. सूचीत शोधताना नावाची सगळी रूपं टाकून पाहा, बेने आणि बेनी, इस्राएल आणि इझ्रायल. ‘दि इझ्रायलाईट’ टाकलंत की अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं पत्र समोर येईल. आयझॅक मेयर वाइज यांनी ते १८५४मध्ये काढलं आणि १८७४पासून ते ‘अमेरिकन इझ्रायलाईट’ झालं. त्याचा मुंबईशी संबंध नाही. मुंबईचं ठिकाण आणि १९१७नंतरचं वर्ष जुळल्याशिवाय नोंद घेऊ नका.

सिनेगॉगच्या (यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या) माळ्यावरही विचारा, पण एक लक्षात ठेवा. देवाचं नाव असलेला हिब्रू कागद टाकून देत नाहीत. तो वेगळा साठवून दफन करतात. प्रार्थना किंवा पवित्र वचनं छापलेले सणाचे अंक त्या वाटेने गेले असतील, तर नेमके तेच अंक सगळीकडे दुर्मीळ असणार. परदेशी गेलेल्या घरांनाही पत्र लिहा. इस्राएलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी त्रैमासिकात एक विनंती छापून आली तर लोद, अश्दोदच्या घरांतून अंक बाहेर यायची शक्यता मोठी.

आता मजकुराकडे. हे मासिक भांडणाच्या काळात वाढलं हे विसरू नका. १९१७मध्ये बेने इस्राएल परिषद उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ ऑल इंडिया इझ्रायलाईट लीग. लीगमागे एरुलकर होते. हे एरुलकर म्हणजे १९१६च्या खटल्यात जिनांबरोबर टिळकांच्या बचावाला उभे राहिलेले बॅरिस्टर. देशाच्या राजकारणात समाजाने किती उतरावं, या प्रश्नाची धग या मासिकाला पहिल्यापासून होती. म्हणून ‘दि इझ्रायलाईट’मधला परिषदेचा वृत्तांत एका पक्षाचं म्हणणं समजून वाचा. त्याच काळातलं ‘फ्रेंड ऑफ इस्राएल’ आणि रिबेका रूबेन यांनी संपादित केलेली बेने इस्राएल वार्षिकं शेजारी ठेवा, आणि एकच घटना तिन्हीकडे कशी आली ते तारखेवार लावा. कोणाच्या सभेला ‘मोठी गर्दी’ आणि कोणाच्या सभेला नुसती ‘सभा झाली’ असं छापलंय, कोणाचं भाषण पूर्ण आणि कोणाचं दोन ओळींत, हे मोजता येतं. मराठी आणि इंग्रजी पानंही वेगवेगळी वाचा. मराठी मजकूर इंग्रजीचा अनुवाद आहे असं गृहीत धरू नका. सरकारला आणि परदेशातल्या यहुद्यांना ऐकू जावं ते एका भाषेत आणि घरातल्या माणसांना सांगायचं ते दुसऱ्या भाषेत, असं घडलंय का, हे तुमच्या नोंदवहीतल्या पानांच्या रकान्यांवरूनच उलगडायला लागेल.

नावांची वेगळी सूची करा, कारण एकच माणूस दोन नावांनी भेटतो. मुंबईचं १७९६चं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर ही दोन माणसं नाहीत. वर्गणीदारांच्या यादीत जुन्या पिढीचा समाजी आणि लग्नाच्या बातमीत सॅम्युएल असं होणारच. आडनाव गाव सांगतं: दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, केहीमचे केहीमकर. पण आडनावाचं गाव आणि राहण्याचं गाव वेगळं असतं. पोच कोणत्या गावाहून आली ते वेगळ्या रकान्यात लिहा. मग वर्षवार गावं मोजा. कोकणातल्या गावांची संख्या घटून मुंबई, पुणे, कराची वाढत गेली असतील तर वाचक कुठे सरकला ते तुमच्या हातात आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८चे अंक असतील तर निधनवार्ता एकेक करून उतरवा. इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत माणसं पटापट जात होती, आणि तुमच्या समाजातली किती गेली याची नावानिशी यादी दुसरीकडे मिळणं कठीण.

छापण्यापूर्वी हक्कांचं बघा. निनावी मजकुराला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, ते संपलंय. सही असलेल्या लेखाचा हक्क लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणून तरुण वयात लिहून पुढे दीर्घकाळ जगलेल्या लेखकांबाबत तपास करा. फोटोंचे तीन संच करा आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातला एक समाजाबाहेरच्या ग्रंथालयात.

शेवटच्या अंकाबद्दल. तुमच्याकडचा सगळ्यात उशिराचा अंक म्हणजे मासिकाचा शेवटचा अंक नव्हे, आणि शेवटच्या अंकात ‘आम्ही बंद करतो’ असं बहुधा लिहिलेलं नसतं. १९२६-२७चे जेवढे अंक असतील त्यांत तीन गोष्टी बघा: थकलेल्या वर्गणीची आठवण किती वेळा आणि किती मोठ्या टायपात येते, नव्या जाहिराती येतात की त्याच त्याच फिरतात, आणि पुढच्या अंकात पुरा होईल असं सांगून अर्धवट सोडलेला लेख कोणता. तो लेख आणि त्याचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. त्याचा उरलेला भाग याच मासिकात छापलेला कुठे सापडला, तर त्यानंतरही एक अंक निघाला होता.